इतोसाहेबांच्या गॅरेजमधली पंगत

आमच्या घरातली भांडणं आमटीवरून सुरू व्हायची आणि आमटीवरच मिटायची. आत्या साताऱ्याकडची. गोडा मसाला, आमसूल आणि गुळाचा खडा घातलेली, पळीवाढी, तीच आमटी. बाकी सगळं तिच्या मते पाण्यात डाळ बुडवण्याचे प्रकार. आई चिकपेटेतली. तिचे लोक बंगळुरात इतक्या पिढ्यांपासून राहिलेले की मूळ गाव कोणतं विचारलं तर घरातल्या म्हाताऱ्यांचंही आपसात एकमत होत नसे. ते मराठीच बोलत, पण त्या मराठीत स्वल्प, सरी, अय्यो असे कन्नड शब्द कढीपत्त्यासारखे पडलेले असत. आईला यायची ती हुळी, म्हणजे कानडी आमटी: धने, ब्याडगी मिरची आणि ओलं खोबरं रगड्यावर वाटून केलेली, मुळ्याच्या जाड फोडी घातलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिने मोठ्या हौसेने ती केली होती म्हणे. आत्याने एक घास खाल्ला आणि विचारलं, "हे आपल्यात करतात का?" त्या दिवसापासून हुळी फक्त मामा आला की व्हायची, आणि मामा वर्षातून एकदा यायचा.

स्वयंपाकघर आत्याचं होतं. ती लहान वयात विधवा होऊन भावाकडे आलेली, आणि दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला घरात जी एक जागा दिली ती चुलीपुढची. ती तिने शेवटपर्यंत सोडली नाही. पहाटे तिच्या ओल्या लुगड्याचा फटका दगडावर बसला की आम्ही उठायचो, मग कारखान्याचा भोंगा, मग रगड्याची घरघर. वाटायचं काम आईचं, फोडणी आत्याची. अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, शिजल्या भाताला हात लावला की हात धुवायचा, उष्ट्या हाताने वाढायचं नाही, खरकटं पुसल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. मला हे सगळं तेव्हा छळ वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. पण याच छळाने पुढे मला एका अनोळखी टेबलावर सांभाळून घेतलं, ते पुढे येईलच.

दादा विजेचे मीटर बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते आणि आम्ही कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. मी मॅट्रिक झाले तेव्हा कारखान्याने पहिल्यांदाच मुली घ्यायला सुरुवात केली. मीटरच्या आत केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते, ती गुंडाळायला पुरुषांची बोटं चालेनात. दादांनीच मला लावून दिलं. कौतुकाने म्हणाले, "माझ्या नजरेसमोर राहील." त्या नजरेची लांबी किती आहे हे मला दोन वर्षांनी कळलं.

कारखान्याचं तंत्र जपानचं होतं, त्यामुळे शिकवायला जपानी माणसं आली. त्यातली बहुतेक एकटी, गेस्ट हाउसमध्ये राहणारी. इतोसाहेब तेवढे बायकोला घेऊन आले. त्यांना कोपऱ्यावरचा बंगला मिळाला, पण मोटार मिळाली नाही, म्हणून त्यांच्या बायकोने, साचिकोसानने, रिकाम्या गॅरेजमध्ये खानावळ थाटली. यंत्रं ज्या लाकडी पेट्यांतून आली होती त्या पेट्यांच्या फळ्या जोडून एक लांब टेबल, दोन बाजूंना बाकं, मध्ये वातीचा स्टोव्ह, आणि स्टोव्हवर मोठं मातीचं भांडं. शनिवारी संध्याकाळी सगळे जपानी तिथे जमायचे, शर्टाच्या बाह्या वर करून जेवायचे आणि मोठमोठ्याने हसायचे. वसाहतीतल्या बायका फिरायला म्हणून त्या रस्त्याने जायच्या आणि येऊन सांगायच्या की ते लोक कच्चा मासा खातात, तोही भातात गुंडाळून. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला साचिकोसानला बोलवायचं की नाही यावर चर्चा झाली आणि बोलवायचं नाही असं ठरलं. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "पाहुणी आहे ती. पाहुणीला हळदीकुंकवाला कोण टाळतं?" तिला उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

मग एके दिवशी विभागात इतोसाहेब आले आणि म्हणाले की आमच्यातल्या काही मुलींना गुंडाळीचं पुढचं काम शिकायला त्यांच्या जपानच्या कारखान्यात पाठवायचं आहे. परत आल्यावर त्या इतरांना शिकवतील. त्यांनी माझं नाव घेतलं. माझे कान तापले ते मला आजही आठवतं. पण त्यांनी एक अडचणही सांगितली. आधी जे पुरुष गेले होते ते मुदत संपायच्या आत परतले होते, काम जमलं नाही म्हणून नव्हे, जेवण जमलं नाही म्हणून. बिस्किटं आणि केळी खाऊन त्यांनी दिवस ढकलले आणि शेवटी आजारी पडले. "म्हणून," इतोसाहेब त्यांच्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "ज्यांना जायचं आहे त्यांनी आधी शनिवारी माझ्या घरी जेवायला यायचं."

घरी मी हे सांगितलं तेव्हा दादा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. "तिकडे खाशील काय?" एवढंच विचारलं.

"जे असेल ते."

"म्हणजे मासे?" आत्या आतून म्हणाली. "आणि एका भांड्यात सगळ्यांनी काड्या घालायच्या. या तोंडातल्या त्या तोंडात. शी! कुणाचं उष्टं आणि कुणाचं काय."

"दादा, खाण्याचा एवढा एकच प्रश्न आहे ना?"

"एवढा एकच म्हणजे? माणूस खाल्ल्याशिवाय जगतं का?"

"मग मी खायला शिकते," मी म्हटलं, "आणि शिकून झाल्यावर पुन्हा विचारते."

मी चोरून गेले नाही. आठवणी सांगणाऱ्या बायका मागच्या दाराने पळाल्याच्या गोष्टी सांगतात; मी पुढच्या दाराने, वेणीत अबोली माळून, आत्याला "येते" सांगून गेले. गॅरेजमध्ये व्हिनेगरचा आणि रॉकेलचा मिळून एक वास होता. साचिकोसान लहानखुरी, गोल चेहऱ्याची, साडीवाल्या बायकांपेक्षा भराभर चालणारी. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला जपानी, पण सिटी मार्केटात भाजी घेता घेता तिने कन्नड शब्द जमवले होते. बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, स्वल्प म्हणजे थोडं. एवढ्या शब्दांत जेवण वाढता येतं. कच्च्या माशाचं मी विचारलं तेव्हा तिने नाक दाबलं, हाताने रेल्वेगाडी काढून दाखवली आणि मंगळूरहून येईपर्यंत माशाचं काय होतं ते असं काही करून दाखवलं की टेबलावरचे सगळे पुरुष ओरडायला लागले. बंगळुरात कच्चा मासा खाणं म्हणजे मरणं, असं तिचं मत होतं. वसाहत ज्याच्यावरून नाक मुरडत होती तो पदार्थ म्हणजे आंबटगोड भात, काकडी, गाजर आणि ऑम्लेटची पट्टी, समुद्रातल्या काळ्या कागदासारख्या शेवाळ्यात गुंडाळून कापलेली.

मोठ्या भांड्यात त्यांच्यासाठी मासे, कोंबडी सगळं असायचं. माझ्यासाठी साचिकोसानने दुसरं लहान भांडं मांडलं, आणि भाताच्या गुंडाळ्याही ऑम्लेटशिवायच्या केल्या. त्यात नुसत्या शेवाळ्याचं पाणी, कोबी, मुळा, लाल भोपळा आणि सोयाबीनच्या दुधाचं पनीर. मीठ कमी, मसाला नाहीच. पहिल्या दिवशी मला ते आजाऱ्याचं जेवण वाटलं. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी लक्षात आलं की मुळ्याला मुळ्याची चव असते आणि आपण ती आयुष्यभर मसाल्याखाली झाकत आलो. पुढे मी मोठ्या भांड्यातलं खाल्लं की नाही, हे मला नातलगांनी अनेकदा विचारलं आहे. मी उत्तर दिलेलं नाही आणि इथेही देणार नाही.

पण आत्याचं जे म्हणणं होतं, उष्ट्याचं, ते खोटं निघालं. भांड्याजवळ एक लांब काड्यांची जोडी वेगळी ठेवलेली असे, वाढायची. त्या जोडीनेच भांड्यातलं आपल्या वाडग्यात घ्यायचं, आपल्या तोंडातल्या काड्या भांड्याला लावायच्या नाहीत. एक तरुण इंजिनियर गप्पांच्या नादात विसरला तर साचिकोसान त्याच्या मनगटावर फटका मारायची. मला मात्र एकदाही मारावा लागला नाही. इतोसाहेबांना याचं फार नवल वाटायचं. आपल्या देशातलीच मुलगी असल्यासारखी वागते म्हणायचे. त्यांना काय सांगणार? मी साताऱ्याच्या एका विधवेच्या पहाऱ्याखाली वाढले होते.

चूक झाली ती भलतीकडेच. एका शनिवारी भोपळ्याची फोड इतकी सुरेख शिजली होती की मी माझ्या वाडग्यातली उचलली आणि शेजारच्या त्या तरुण इंजिनियरपुढे धरली. काड्यांचं मागचं टोक वापरायला मी विसरले नव्हते. उष्टं देत नव्हते. त्यानेही नकळत आपल्या काड्या पुढे केल्या. माझ्या काड्यांतून त्याच्या काड्यांत फोड जाते न जाते तोच साचिकोसानने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि काड्या खाली दाबल्या. रागावली नव्हती. तिने बोटांनी धूर वर जाताना दाखवला, मग राख, मग राखेतून काहीतरी अलगद उचलून दुसऱ्याच्या काड्यांत द्यायची खूण केली. मला कळलं. चितेच्या राखेतल्या अस्थी ते असे वेचतात, एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत. म्हणून जेवणात ते कधी करायचं नाही.

परवा माझी नात मला कोरमंगलाच्या एका जपानी हॉटेलात घेऊन गेली. सगळीकडे तरुण पोरं, मधोमध उकळतं भांडं, आणि मला काड्या कशा धरायच्या हे एक वेटर शिकवायला लागला. मी त्याला शिकवू दिलं. पण नातीच्या मैत्रिणींनी एकमेकींच्या काड्यांत तुकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांच्या काड्या खाली दाबल्या गेल्या. पोरी दचकल्या. मी कारण सांगितलं आणि त्या रात्री त्यांच्यातल्या कोणाला नीट जेवण गेलं नाही असं नात नंतर म्हणाली.

त्या शनिवारी अस्थींचं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या जपमाळ ओढत होती. ती थांबली. "वेचतात? ते पण?" तिने विचारलं. "मग ताटात नकोच ते. बरोबर आहे त्यांचं," एवढं म्हणून तिने माळ पुन्हा सुरू केली. मला वाटलं गड जिंकला. पण लगेच पुढे म्हणाली, "अंघोळ केल्याशिवाय आत येऊ नकोस." शनिवारी परतले की मागच्या दारी बादली भरलेली असायची, आणि रविवारचं माझं ताटही मागच्या पडवीत, सगळ्यांपासून वेगळं. मी तिथे बसून मुद्दाम मोठ्याने गाणी म्हणत जेवायचे. एका रविवारी आई आपलं ताट घेऊन बाहेर आली आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. "आत उकडतंय," म्हणाली. डिसेंबरचा महिना होता.

जायचे दिवस जवळ आले तशी इतर मुलींची तयारी सुरू झाली आणि मला कोणी काही विचारेना. शेवटी साचिकोसानकडूनच कळलं. माझ्या वाडग्यात भोपळा वाढताना ती थांबली आणि गोंधळून म्हणाली, "नीनु तिन्नल्वा?" तू खात नाहीस का? मला प्रश्नच कळेना, मी तिसरा वाडगा संपवत होते. मग इतोसाहेबांनी सांगितलं. दादांनी त्यांना भेटून माझं नाव काढायला सांगितलं होतं. कारण हे, की मुलीला तुमचं अन्न सोसत नाही, घरी येऊन उलट्या करते.

मला रडू आलं नाही. राग आला. दादा मला नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, हरलेही असते कदाचित. पण त्यांनी माझ्या पोटाबद्दल खोटं सांगितलं होतं. जे मी शनिवारी-शनिवारी, बादल्या अंगावर ओतून, पडवीत जेवून मिळवलं होतं, तेच त्यांनी पुसून टाकलं. मी इतोसाहेबांना म्हटलं, पुढच्या शनिवारी माझ्या वडिलांनाही जेवायला बोलवा. आणि घरी जाऊन, पडवीतूनच, दादांना ऐकू जाईल अशा आवाजात आईला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती.

साहेबांचं बोलावणं म्हटल्यावर दादांना जाणं भाग होतं. कोट घालून आले, बाकाच्या टोकावर बसले, समोरच्या पाण्याच्या पेल्यालाही हात लावला नाही. मी त्यांच्यासमोर बसले आणि जेवले. वाढायच्या काड्यांनी घ्यायचं, आपल्या काड्यांनी खायचं. कोबी, मुळा, पनीर, भाताच्या सगळ्या गुंडाळ्या. पोट कधीचं भरलं होतं. मी दादांकडे बघत खात राहिले.

"पुरे, सुमे," दादा दबक्या आवाजात म्हणाले. "शोभा करू नकोस. चल घरी."

तेवढ्यात गॅरेजच्या दारात आई उभी दिसली. अंगावर लग्नाकार्यातलं जांभळं रेशमी लुगडं, नथ, हातात करंडा. ती सरळ साचिकोसानपाशी गेली, तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि कन्नडमध्ये म्हणाली की उशीर झाला, राग मानू नका. मग पदर खोचून माझ्या शेजारी बाकावर बसली. आईला बाहेर कुठे जेवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. काड्या तिच्या हातात ठरेनात. साचिकोसानने भाताची गुंडाळी हाताने उचलून खाऊन दाखवली, की ही अशीही चालते.

"अय्यो, हातानं चालतं? मग काय!" आई म्हणाली आणि खाल्ली. तिने आणखी एक घेतली. मग मला विचारलं, "वाढायच्या काड्या कुठल्या गं?" मी दाखवल्या. माझ्या मदतीने तिने मुळ्याची फोड वाडग्यात घेतली, फुंकून खाल्ली, आणि सावकाश दादांकडे वळली.

"अहो, पोरीला हे अन्न सोसत नाही म्हणून साहेबांना सांगितलंत. मला तर सोसलं बघा. तेव्हा खाण्याचं झालं. आता खरं कारण सांगा की."

दादा इकडेतिकडे बघायला लागले. "इथे नको," म्हणाले.

"इथंच. घरी मला कोण बोलू देतं?"

"तरुण मुलगी," दादा शेवटी म्हणाले, "एकटी समुद्रापार. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं काय! माझ्या हुळीला नावं ठेवली, माझ्या बोलण्याला ठेवली, माझ्या माहेराला ठेवली. मी अजून आहे. ही पण राहील."

भांडं उकळत होतं. जपानी माणसांना शब्द कळले नव्हते. इतोसाहेबांनी दादांना इंग्रजीत विचारलं, बाईसाहेब काय म्हणाल्या? दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोटाच्या बाहीकडे बघत म्हणाले, "माझी बायको म्हणते आहे की मुलगी जाईल." मग आईकडे न बघता त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि प्यायले.

"आणि हेही सांगा," आई म्हणाली, "मुळा स्वल्प कच्चा राहिलाय." दादांनी तेही सांगितलं.

आम्ही तिघं घरी परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मागच्या दारी आत्याने एक बादली भरून ठेवली होती. आईला माझ्याबरोबर बघून ती तशीच उभी राहिली, मग वळून आत गेली आणि दुसरी बादली घेऊन आली. मी सवयीने तांब्याला हात घातला. आई थांबली नाही. जांभळ्या लुगड्यातच पायरी चढली, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला आणि फडताळावरचा धन्यांचा डबा खाली काढला.

"इंदिरे, आधी अंघोळ," आत्या ओरडली.

"करीन की वन्सं," आई आतून म्हणाली. "उद्या सकाळी. रोजच्या वेळेला."

मी तांब्या बादलीत ठेवला आणि तिच्या मागोमाग आत गेले. त्या रात्री मामा आलेला नव्हता, तरी आमच्या घरात हुळी झाली.